अहवालामागचा माणूस आणि धोरणातली त्याची जागा



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींच्या मनात आलं असेल की तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने रक्त-लघवीच्या तपासण्यांवर काय बोलावं? प्रश्न रास्त आहे. माझा अधिकार वैद्यकाचा नाही. पण ज्ञान म्हणजे काय, ते खरं कशावरून मानायचं आणि ज्याला ते आहे त्याने गप्प बसावं का, हे माझ्या विषयाचे जुने प्रश्न आहेत. आणि हे प्रश्न आज जितक्या नेमकेपणाने वैद्यकीय प्रयोगशाळेत उभे राहतात, तितके क्वचितच दुसरीकडे राहत असतील.

साधं उदाहरण घ्या. तुमच्या हातात एक कागद येतो. त्यावर लिहिलंय, हिमोग्लोबिन ९.२. तुम्ही ते पाहिलेलं नाही, मोजलेलं नाही. डॉक्टरांनीही नाही. तरी त्या आकड्यावर गोळ्या सुरू होतात, ऑपरेशन पुढे ढकललं जातं, कधी रक्त चढवलं जातं. आपण ज्याच्यावर विश्वास ठेवतो तो माणूस आपल्याला दिसतही नाही. फार तर काउंटरवर हाताला रबरी पट्टी बांधून सुई टोचणारी मुलगी आठवते. आत बसून मोजणाऱ्याचं नावही आपण विचारत नाही.

आपल्याकडे याला शब्दप्रमाण म्हणतात. दुसऱ्याच्या सांगण्यावरून मिळालेलं ज्ञान. नैयायिकांनी अट घातली की सांगणारा ‘आप्त’ असला पाहिजे. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे बरं का! न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायनाने जे म्हटलंय त्याचा आशय असा, की ज्याने ती गोष्ट स्वतः नीट जाणली आहे आणि जशी जाणली तशीच ती सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो आणखी एक फार मोठी गोष्ट सांगतो. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. त्या काळच्या समाजाचा विचार करा, म्हणजे या वाक्याचं वजन कळेल. विश्वासार्हता माणसाच्या पायरीवर ठरत नाही. त्याने काय पाहिलंय आणि तो ते प्रामाणिकपणे सांगतोय का, यावर ठरते.

हा निकष घेऊन आपण आपल्या आरोग्यव्यवस्थेत शिरू. तिथे पायऱ्या भरपूर आहेत. वर तज्ज्ञ डॉक्टर, मग इतर डॉक्टर, मग परिचारिका, आणि कुठेतरी खाली, बहुतेक वेळा तळमजल्यावर, लॅब. धोरण ठरवणाऱ्या बैठकीतही हीच उतरंड चालते. लॅबमधल्या माणसाला कोणी बोलावत नाही. नुकसान त्याचं होतंच. पण जास्त नुकसान आपलं होतं. कसं, ते सांगतो.

लॅबमधल्या तंत्रज्ञाला असं काय ठाऊक असतं, जे डॉक्टरांनाही ठाऊक नसतं? आकडा कसा तयार झाला, हे त्याला ठाऊक असतं. साखरेचंच बघा. रक्त शरीरातून बाहेर आलं तरी त्यातल्या पेशी लगेच मरत नाहीत. त्या नळीतली साखर खात राहतात. साधारण तपमानाला तासाला पाच ते सात टक्के साखर कमी होते. म्हणून साखरेसाठी फ्लोराइड घातलेली, राखाडी झाकणाची नळी वापरतात. तिने ही घट बरीच रोखली जाते. आता समजा, एखाद्या आदिवासी तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सकाळी दहाला रक्त घेतलं, ते साध्या नळीत होतं, आणि गाडी फिरत फिरत दुपारी दोनला लॅबवर पोचली. तासाला सहा टक्के धरले तर १४० ची साखर ११० च्या आसपास दिसेल. उपाशीपोटी १२६ किंवा त्यापुढे साखर भरली तर मधुमेह समजतात. म्हणजे मधुमेह असलेली बाई ‘मधुमेह नाही’ असा कागद घेऊन घरी जाणार. यंत्र उत्तम, आकडाही यंत्राने बरोबर काढलेला, पण उत्तर चूक.

पोटॅशियमचंही तेच. रक्त ओढताना किंवा आणताना पेशी फुटल्या, तर पेशींच्या आतलं पोटॅशियम बाहेर येतं. ते आत बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट असतं. कागदावर पोटॅशियम धोक्याच्या पातळीला दिसतं आणि पेशंट मात्र ठणठणीत असतो. लॅबच्या चुकांवर झालेल्या अभ्यासांतून एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसली आहे. चुकांचा मोठा वाटा यंत्रापर्यंत पोचण्याच्या आधीचा असतो. रक्त कुणी घेतलं, कुठल्या नळीत घेतलं, नाव नीट चिकटवलं का, किती वेळ उन्हात राहिलं.

आता यातून धोरणाचा प्रश्न कसा निघतो बघा. सरकार म्हणतं, आम्ही तपासण्या मोफत केल्या. २०१५ पासून राष्ट्रीय आरोग्य अभियानात मोफत निदान सेवेचा कार्यक्रम आहे, आणि चांगली गोष्ट आहे. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक तपासण्यांची पहिली यादी काढली. पुढच्याच वर्षी आपल्या आयसीएमआरने भारताची यादी केली. त्याचंही स्वागत. पण यादीत तपासणीचं नाव आलं म्हणजे गावातल्या बाईला खरं उत्तर मिळालं, असं होत नाही. मध्ये नळी आहे, शीतपेटी आहे, गाडी आहे, रस्ता आहे, वीज आहे, रिकामी राहिलेली तंत्रज्ञाची जागा आहे. किती तपासण्या झाल्या, हा आकडा मंत्रालयात पोचतो. किती नमुने खराब अवस्थेत आले, हे मात्र लॅबमधल्यालाच माहीत असतं. त्याला बैठकीत बोलावलं नाही, तर धोरणाला अर्धीच गोष्ट दिसते.

आता एक बाहेरची गोष्ट सांगतो. अमेरिकेत गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी पॅप स्मिअर ही तपासणी मोठ्या प्रमाणावर होत असे. स्त्रीच्या गर्भाशयमुखावरच्या पेशी काचेच्या स्लाइडवर घेतात आणि तंत्रज्ञ त्या सूक्ष्मदर्शकाखाली पेशी-पेशी करून बघतो. हे यंत्राचं काम नव्हतं, डोळ्यांचं होतं. १९८७ साली वॉल्ट बोग्डानिच या पत्रकाराने ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये या लॅबचा कारभार उघडा केला. काही ठिकाणी तंत्रज्ञांना स्लाइडमागे पैसे मिळत. जितक्या जास्त, तितकी कमाई. डोळे थकलेले, स्लाइडचा ढीग समोर, आणि त्या ढिगात कुणाचा तरी कर्करोग निसटत होता. काही बायका त्यात गेल्या. या लेखांना पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. त्याच १९८८ साली अमेरिकी संसदेने प्रयोगशाळांसाठीचा कायदा नव्याने केला. त्यातून नियम आला की एका तंत्रज्ञाने २४ तासांत १०० पेक्षा जास्त स्लाइड बघायच्या नाहीत. ही कमाल मर्यादा आहे हं, उद्दिष्ट नव्हे.

मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे. ‘आमच्यावर कामाचा बोजा फार आहे’ हे वाक्य ऐकलं की आपण म्हणतो, झालं, युनियनची मागणी आली! पण इथे कामाचा बोजा आणि पेशंटचा जीव या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. थकलेला डोळा म्हणजेच चुकलेला अहवाल. क्षयरोगाच्या थुंकीच्या तपासणीतही हेच तत्त्व आहे. साध्या सूक्ष्मदर्शकावर एका तंत्रज्ञाने दिवसाला साधारण २० ते २५ स्लाइडच बघाव्यात, असं मार्गदर्शन आहे. जिथे एकच तंत्रज्ञ क्षयरोग, मलेरिया, गरोदर बायकांचं हिमोग्लोबिन आणि वर नोंदवह्या सांभाळतो, तिथे हे मार्गदर्शन कागदावर राहतं. तो माणूस तक्रार करतो तेव्हा तो स्वतःबद्दल बोलतोय असं वाटतं, पण तो तुमच्या-माझ्याबद्दल बोलत असतो.

आता आपल्या देशाकडे येऊ. इथे चित्र थोडं गुंतागुंतीचं आहे, म्हणून जरा सावकाश जातो.

लॅबच्या जगात निदान दोन पक्ष आहेत. एक पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे एमबीबीएसनंतर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर. दुसरे तंत्रज्ञ, म्हणजे डीएमएलटी, बीएस्सी, एमएस्सी झालेले. वाद आहे सहीचा. अहवालावर सही कुणी करायची? गुजरातमधून हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १२ डिसेंबर २०१७ रोजी न्यायालयाने सांगितलं की पॅथॉलॉजीची पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांनीच अहवालावर सही करावी. पुढे २०२० मध्ये केंद्राने क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायद्याच्या नियमांत बदल केला. ठरावीक दर्जाच्या लॅबमध्ये एमएस्सी किंवा पीएचडी झालेल्यांना आपापल्या विषयातले आकडे प्रमाणित करता येतील. मत किंवा अर्थ मात्र त्यांनी लिहायचा नाही, असं त्यात म्हटलं.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा भेद ओळखीचा वाटेल. ‘साखर १४० आहे’ हे एक विधान. ‘या बाईला मधुमेह आहे’ हे दुसरं. पहिल्यात मोजमाप आहे, दुसऱ्यात अनुमान आहे. पॅथॉलॉजिस्ट म्हणतात, अनुमानाला वैद्यकीय शिक्षण लागतं, खरं आहे. तंत्रज्ञ म्हणतात, मोजमाप आम्हीच करतो, मग त्याची जबाबदारी आणि मान आमचा का नाही. यातही तथ्य आहे. पण आपण गिऱ्हाईक म्हणून तिसराच प्रश्न विचारायला हवा. सही खरी आहे का? ज्याची सही आहे, तो त्या लॅबमध्ये कधी पाऊल तरी टाकतो का? एकाच डॉक्टरांची सही वेगवेगळ्या गावांतल्या लॅबच्या कागदांवर दिसावी, हे आपल्या राज्यात अनेकदा चव्हाट्यावर आलंय. आणि ‘सिंक टेस्टिंग’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. रक्त बेसिनमध्ये ओतायचं आणि आकडे मनाने लिहायचे. ज्या देशात या गुन्ह्याला बोलीभाषेत नाव पडलंय, तिथे सहीचा वाद हा निम्माच वाद आहे.

महाराष्ट्राची अडचण अशी की केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आपण स्वीकारलेला नाही. आपल्याकडे आहे तो १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा, आणि त्याचा रोख पेशंट दाखल करून घेणाऱ्या ठिकाणांवर. गल्लीतली स्वतंत्र लॅब त्याच्या चौकटीत नीट बसत नाही. एनएबीएलचं प्रमाणपत्र आहे, त्याचे निकष चांगले आहेत, पण ते ऐच्छिक. कमिशनचा प्रश्न तर वेगळाच. २०१७ साली कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदा झाला, समिती झाली, चर्चा झाली, पण कायदा काही झाला नाही. आपल्या राज्यातले पॅथॉलॉजिस्ट या बोगस लॅबविरुद्ध अनेक वर्षं आवाज उठवत आले आहेत, हे इथे नोंदवलं पाहिजे.

तंत्रज्ञांची लढाई निराळी होती. त्यांना देशपातळीवर परिषदच नव्हती. डॉक्टरांना होती, परिचारिकांना होती, औषधविक्रेत्यांना होती. लॅब तंत्रज्ञ म्हणजे कोण, किती शिकलेला, याची देशभर एक व्याख्या नव्हती. सहा महिन्यांचा कोर्स केलेला आणि चार वर्षांची पदवी घेतलेला एकाच पाटीखाली बसत. २००७ साली एक विधेयक आलं, ते पुढे गेलं नाही. २०१८ च्या शेवटी दुसरं आलं. अखेर मार्च २०२१ मध्ये संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा संसदेने केला. त्याच्या अनुसूचीत दहा गट आहेत आणि पहिलाच गट वैद्यकीय प्रयोगशाळेचा आहे. सहयोगी व्यावसायिकाला किमान २००० तासांचं, तर आरोग्यसेवा व्यावसायिकाला किमान ३६०० तासांचं शिक्षण हवं, हे कायद्यातच लिहिलंय.

तुम्ही म्हणाल, चला, झालं काम. नाही हो! कायदा होणं आणि कायदा चालणं यांत अंतर असतं. राज्यांनी परिषदा नेमायच्या होत्या. बऱ्याच राज्यांनी नेमल्याच नाहीत, काहींच्या नुसत्या नावाला राहिल्या. मग वैद्यकीय तंत्रज्ञांच्या संयुक्त मंचाने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने केंद्राला आणि राज्यांना दोन महिन्यांची मुदत दिली, १२ ऑक्टोबरपर्यंत अंमलबजावणी करा म्हणून. ज्यांना बैठकीत खुर्ची नव्हती, त्यांना ती मागायला न्यायालयाच्या दारात जावं लागलं.

आता आक्षेपाकडे येतो. कुणीही म्हणेल, ‘सर, हे सगळे आपल्या धंद्याचंच बघतात. पॅथॉलॉजिस्टांना स्पर्धा नको, तंत्रज्ञांना पगार आणि हुद्दा हवा. याला धोरणाचा आग्रह म्हणायचं की हितसंबंध?’ आक्षेप टाळता येणार नाही. पण हितसंबंध असला म्हणजे विधान खोटं ठरत नाही. घर जळतंय म्हणून ओरडणाऱ्याचाही हितसंबंध असतोच की! प्रश्न असा विचारायचा: या मागणीने, मागणाऱ्याला काहीच मिळालं नाही तरी, पेशंटचं भलं होतं का? आणि दुसरा: मागणी करणारा स्वतःवरही बंधन घालून घ्यायला तयार आहे का? नोंदणी हवी म्हणणाऱ्याने नोंदणी रद्द होण्याची शक्यताही स्वीकारली पाहिजे. या दोन प्रश्नांवर टिकेल ती मागणी समाजाने आपली मानावी. उरलेल्या मागण्या वाईट असतात असं नाही, पण त्या त्यांच्या आहेत; आपल्या नाहीत.

याच जोडीने एक कानपिचकी या व्यवसायालाही. जगभर लॅबवाले सांगतात की वैद्यकीय निर्णयांपैकी सत्तर टक्के निर्णय लॅबच्या अहवालावर होतात. भाषणात, भित्तीपत्रकांवर, सगळीकडे हा आकडा असतो. त्याचं मूळ शोधत गेलं की नव्वदच्या दशकातल्या एका लेखातल्या अनुभवजन्य अंदाजापाशी आपण पोचतो. २०११ साली ब्रिटनमधल्या एका जीवरसायनशास्त्रज्ञानेच हे तपासून लिहिलं की या आकड्याला भक्कम पुरावा नाही. मला त्या माणसाचं कौतुक वाटतं. जो रोज सकाळी आपलं यंत्र तपासतो, त्याने आपली घोषणाही तपासली. लॅबचं महत्त्व सांगायला फुगवलेला आकडा लागत नाही. आणि ज्यांचा सगळा व्यवसायच ‘आकडा खरा असला पाहिजे’ यावर उभा आहे, त्यांनी तर तो वापरूच नये.

‘रोज सकाळी यंत्र तपासतो’ असं म्हटलं, ते जरा उलगडून सांगतो. चांगल्या लॅबमध्ये पेशंटचे नमुने लावण्याआधी ‘कंट्रोल’ लावतात. म्हणजे ज्याचं उत्तर किती यायला हवं ते आधीच माहीत आहे, असा नमुना. उत्तर ठरलेल्या मर्यादेत आलं तरच पुढचं काम सुरू. मीमांसक म्हणत, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. नैयायिक म्हणत, नाही, त्याचं प्रामाण्य बाहेरून पडताळावं लागतं. परतःप्रामाण्य. या बाबतीत प्रत्येक लॅब तंत्रज्ञ नैयायिक असतो, त्याला हे नाव माहीत असो वा नसो.

आणि हीच जागा धोक्याची आहे. अमेरिकेतल्या थेरानोस कंपनीचं प्रकरण आठवा. रक्ताच्या थेंबावर डझनावारी तपासण्या करू, अशी घोषणा होती. एरिका चुंग आणि टायलर शुल्ट्झ हे तिथले अगदी तरुण कर्मचारी. त्यांना दिसलं की कंट्रोलच पास होत नाहीयेत. आत सांगून पाहिलं, उपयोग झाला नाही. २०१५ मध्ये चुंगने सरकारी नियामकाला पत्र लिहिलं. तपासणी झाली, २०१६ मध्ये नियामकाने संस्थापिकेवर लॅब चालवण्याची बंदी घातली आणि २०२२ मध्ये न्यायालयाने तिला गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरवलं. कंपनीच्या संचालक मंडळावर माजी परराष्ट्रमंत्री होते. पण खरं माहीत होतं ते लॅबमध्ये उभं राहणाऱ्या, नुकतीच पदवी घेतलेल्या मुलीला. म्हणजे वात्स्यायनाचाच मुद्दा झाला: आप्तत्वाला पायरी नसते.

आता विचार करा, आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावी, महिना बारा-पंधरा हजारांवर काम करणाऱ्या तंत्रज्ञाला दिसलं की नमुने बेसिनमध्ये जाताहेत. त्याने कुणाला सांगायचं? २०१४ चा जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा मुळात लोकसेवकांविरुद्धच्या तक्रारींसाठी आहे. खाजगी लॅबमधला नोकर त्यात बसत नाही. मालकाला सांगितलं तर नोकरी जाणार. त्याचं मौन त्याच्या एकट्याचा दोष नाही. सत्य बोलण्याची किंमत जिथे एकाच माणसावर टाकली जाते, तिथे सत्य कमी बोललं जातं, हा नीतिशास्त्रातला साधा धडा आहे. म्हणून नोंदणीची परिषद ही केवळ मानाची बाब नाही. तक्रार ऐकणारं, तक्रारदाराला सांभाळणारं एक घर, असं तिचं रूप व्हायला हवं.

थोडक्यात, या मंडळींच्या कोणत्या मागण्या आपण आपल्या मानाव्यात? माझ्या मते चार. राज्यात प्रत्येक लॅबची सक्तीची नोंदणी आणि वेळोवेळी तपासणी. तंत्रज्ञांची नोंदणी करणारी, प्रत्यक्ष काम करणारी राज्य परिषद. सरकारी योजनांत तपासण्यांच्या संख्येबरोबर नाकारलेल्या नमुन्यांची आणि अहवालाला लागलेल्या वेळेची नोंद. आणि गैरप्रकार सांगणाऱ्या कर्मचाऱ्याला कायदेशीर कवच. यातल्या कुठल्याच मागणीला फार मोठं यंत्र लागत नाही.

तुम्ही काय करायचं? पुढच्या वेळी रिपोर्ट हातात आला की सहीचं नाव वाचा. नमुना किती वाजता घेतला आणि किती वाजता तपासला, हे लिहिलंय का बघा. नसेल तर विचारा. हे विचारण्यात उर्मटपणा नाही. उलट आत बसलेल्या प्रामाणिक माणसाला त्याने बळच येईल, कारण गिऱ्हाईक विचारतं म्हटल्यावर त्यालाही मालकाला सांगता येतं, की बघा, लोक विचारतात.

आज वेळ संपली. प्रश्न असतील तर अवश्य विचारा. एवढं बोलून थांबतो.